भाव विचारणाऱ्या गजभियेबाई

जरीपटक्यापासून सक्करदऱ्यापर्यंत निदान चाळीस दुकानदार गजभियेबाईंना नावाने ओळखत, आणि त्यांतल्या एकाकडूनही बाईंनी कधी पावशेर साखर विकत घेतलेली नव्हती. त्या नुसता भाव विचारत. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या दुकानात, ठरलेल्या वस्तूचा. तूरडाळ, तांदूळ, शेंगदाण्याचं तेल, अंगाचा साबण, शाळेची वही, न्हाव्याकडची दाढी, शिंप्याकडची ब्लाउजची शिलाई. एकोणतीस वर्षं हेच. भाव विचारायचा, लिहायचा, "येते गा भाऊ" म्हणायचं आणि पुढच्या दुकानाकडे निघायचं.

आमच्या ऑफिसचं कामच ते. देशात महागाई किती वाढली हे टीव्हीवर सांगतात, तो आकडा वर कुठे तरी तयार होतो, पण त्याच्या तळाशी कुणी तरी उन्हात उभं राहून "वांगे कसे दिले?" असं विचारलेलं असतं. नागपुरात ते विचारणाऱ्यांत गजभियेबाई सगळ्यांत जुन्या. त्यांना जाऊन आता वर्ष झालं. मी अजून तेच काम करते, आणि भाव विचारायला तोंड उघडलं की पहिला शब्द आपोआप त्यांच्या आवाजात निघतो.

मी नाशिकहून बदली होऊन आले तेव्हा मला महिनाभर त्यांच्याबरोबर फिरायला सांगितलं होतं; पुढे ती जोडी कायमच राहिली. ठेंगणा बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली चक्क पांढरे खेळाचे बूट. हातात पुरुषी काळी छत्री. खांद्याला पिशवी, तिच्यात पाण्याच्या दोन बाटल्या. दुसरी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "बाजारात कोनी ना कोनी तहानलेलं भेटतेच." आणि खरंच, एकदाही दुसरी बाटली भरलेली परत आली नाही.

पहिल्याच दिवशी आम्ही सक्करदऱ्याच्या बुधवारच्या बाजारात गेलो. मी टॅब छातीशी धरून एका भाजीवालीसमोर उभी राहिले आणि शुद्ध आवाजात म्हटलं, "ताई, आम्ही सरकारी कामासाठी आलो आहोत. टोमॅटोचा आजचा दर काय?" ती बाई सावरून बसली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि एक आकडा सांगितला. मी भरला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, दंडाला धरून मला चार पावलं बाजूला नेलं आणि छत्री उघडून आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. पाच मिनिटांत दोन गिऱ्हाइकं आली. दोघांनीही मला सांगितलेल्या भावापेक्षा किलोमागे दहा रुपये जास्त दिले.

"तिनं तुले भाव नाही सांगितला वं," बाई म्हणाल्या. "जबाब देला. पोलिसाले देतात तसा."

"मग विचारायचं कसं?"

"विचाराचा नाही. होऊ द्याचा. कोनी घेऊन राहिलं का बाजूले उभं राहाचं, पाहाचं. मंग जाऊन बोलाचं, का बाई, चढले वाटते टमाटर? ते आपलं सारं दुःख सांगते. त्यातच भाव असते."

मग त्या स्वतः त्या भाजीवालीपाशी जाऊन उकिडव्या बसल्या आणि दहा मिनिटांनी उठल्या तेव्हा त्यांना टोमॅटोचा भाव तर कळला होताच, शिवाय कळमन्याच्या मोठ्या बाजारात आज गाड्या किती कमी आल्या, त्या बाईच्या सुनेला कितवा महिना आहे आणि तिचा गुडघा कुठल्या पायरीवर दुखतो, हेही कळलं होतं. दुसरी बाटली तिथेच संपली.

बाईंचं म्हणणं असं की, भाव हा कागदावर एक आकडा असतो, पण घरात शिरला की तो कुणाच्या तरी ताटातून काही तरी उचलतो. कुणाच्या, ते त्यांना पाठ होतं. "तेल वाढलं का पहिले पोळीवरचं जाते," त्या बोटं मोडत सांगायच्या. "मंग भज्यायची फर्माईश बंद होते. मंग फोडणी बारीक होते. अन् दूध वाढलं ना, तं घरातली बाई पहिले आपला चहा काळा करते. नवऱ्याचा नाही, पोरायचा नाही. आपला. घरच्यायले सहा महिने पत्ता नसते." असं बोलताना त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. पावसाळ्यात कुठल्या रस्त्यावर पाणी साचतं हे सांगावं, तसं सांगायच्या.

जरीपटक्यात एक म्हातारे सिंधी किराणा दुकानदार होते. त्यांना सगळे सेठ म्हणत. बाई दुकानाच्या पायरीवर दिसल्या की ते हात जोडून ओरडत, "आ गई मॅडम! अब बढ़ेगा भाव!" बाई हसत आणि नेमून दिलेल्या वस्तूंचे भाव घेत. तिथे दर महिन्याला एक पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा असायचा. भाव पाच. मागच्या महिन्यात पाच, त्याच्या मागच्या महिन्यातही पाच. एक दिवस बाईंनी तो पुडा हातात घेतला, दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "सेठ, जरा काट्यावर ठेवा बरं."

सेठनी ठेवला. बाईंनी खिडकीकडे जाऊन पुड्यामागचं बारीक अक्षर वाचलं. वजन कमी झालं होतं. पुड्याची लांबी तेवढीच, आतलं एक बिस्कीट गेलेलं.

सेठ म्हणाले, "मॅडम, बीस साल से बेच रहा हूँ, मैंने नहीं देखा."

ऑफिसात आमचे साहेब वैतागले. त्यांना महिन्याचं काम वेळेत वर पाठवायचं होतं. "गजभिये मॅडम, भाव पाचच आहे ना? मग पाच लिहा आणि पुढे चला."

बाई टेबलासमोर उभ्या राहिल्या. "साहेब, एका मायले तीन पोरं आहे. ते एका पुड्यातले बिस्किटं मोजून वाटते. आता एक कमी पडलं. ज्या पोराले नाही भेटलं, त्याले ते काय सांगन, का बाबा, भाव तेवढाच आहे?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं, आणि पुस्तकातही बाईंसारखंच लिहिलेलं निघालं: वजन बदललं तर नोंद वजनासकट करायची. त्या महिन्यापासून आमच्या सगळ्यांच्या पिशव्यांत छोटा काटा आला. दोन महिन्यांत साबण, चहापत्ती आणि दात घासायची पेस्ट, तिन्ही वस्तू बारीक झालेल्या सापडल्या. बाईंना त्याचा आनंद झाला नाही. सापडली की त्या "बाप्पा!" म्हणायच्या आणि वस्तू हळूच जागेवर ठेवून द्यायच्या.

वस्तूंचे भाव दर महिन्याला. घरभाड्याचं मात्र दर सहा महिन्यांनी. नेमून दिलेल्या घरांत जायचं आणि विचारायचं, भाडं किती देता? अशाच एका घरात पुष्पा भेटली. सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे एका गल्लीत एक खोली, पुढे ओटा. पुष्पा एका खाजगी दवाखान्यात आया होती. नवरा वारलेला, मुलगी प्रांजली अकरावीत. त्या वर्षी भाड्याबरोबर घरखर्चाचीही माहिती घ्यायची होती. मी विचारत होते, पुष्पा उत्तरं देत होती. शेजारची बाई दारात येऊन टेकली होती.

"दूध?" मी विचारलं.

"एक लिटर. रोज," पुष्पा म्हणाली.

तेवढ्यात तिने आमच्यासाठी चहा ठेवायला घेतला आणि मुलीला काही तरी खूण केली. मुलगी भांडं घेऊन मागच्या दाराने निघाली. बाईंनी ते पाहिलं.

"पोरी, कुठं चालली? मले दुधाचा चहा चालत नाही वं. काळाच दे. गवती चहा असन तं टाक, नसन तं राहू दे." माझ्याकडे वळून, "हिलेही काळाच. हे नाशिकवाली आहे, हिले सवय लागली पाहिजे."

मला नाशिकमध्ये आयुष्यात कुणी काळा चहा दिला नव्हता. मी मान डोलावली. आम्ही काळा चहा प्यायलो. शेजारीण कंटाळून निघून गेली. मग पुष्पा कप गोळा करता करता, आमच्याकडे न पाहता म्हणाली, "बाई, ते दूध पाव लिटर लिहा. तेही पोरीची परीक्षा आहे म्हणून."

बाईंनी मला नजरेनेच सांगितलं. मी आधीचा आकडा खोडून पाव लिटर केलं.

त्यानंतर सहा महिन्यांनी जे झालं ते सांगायलाच मी हे लिहायला बसले आहे. मे महिना होता. नागपूरचा मे. आम्हाला त्या दिवशी अकरा घरं करायची होती आणि दुपारचे तीन वाजले होते. पुष्पाच्या घरमालकाच्या ओसरीवर भला मोठा कूलर गरगरत होता, त्याच्या आवाजात शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. बाई पुष्पाच्या दारात होत्या. वेळ वाचावा म्हणून मी गल्लीतल्या समोरच्या घरी गेले होते. तेही आमच्या यादीतलं.

"पुष्पा, भाडं तेवढंच आहे ना?" बाईंनी ओरडून विचारलं.

"हाव बाई! बत्तीसशे!" पुष्पाने आतून ओरडून सांगितलं.

इकडे मीही ओरडूनच विचारलं होतं, आणि समोरची बाई तितक्याच मोठ्याने म्हणाली, "साडेचार हजार!"

पाच मिनिटांत काम झालं. कूलरच्या मागे बाजेवर घरमालक पडला होता, हे आम्ही दोघींनीही पाहिलं नाही.

नोव्हेंबरात पुन्हा गेलो तर पुष्पाच्या दाराला वेगळा पडदा होता. आतून एक तरुण जोडपं आलं. भाडं साडेचार हजार, त्यांनी सांगितलं. बाईंनी पुष्पाबद्दल विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. तेवढ्यात ओसरीवरून घरमालक उठून आला. साठीचा, पाय ओढत चालणारा, साधा माणूस.

"ते गेली ना मॅडम, जूनमध्येच. मी म्हटलं, समोरचा साडेचार घेऊन राहिला, तूही दे. नाही जमलं तिले." मग बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून जरा अवघडला. "तुमच्या विचारण्यानंच तं समजलं मले, का मी किती कमीत देऊन राहिलो. राग नका मानू. मले बीपीच्या गोळ्या लागतात, बायकोले शुगरच्या. गोळ्यायचे भाव तुम्ही पाहताच ना?"

"पाहते," बाई म्हणाल्या.

त्यांनी टॅबवर साडेचार हजार लिहिलं. आकडा खरा होता, लिहावाच लागणार होता. मग आम्ही चालत रस्त्यापर्यंत आलो. बाई नेहमी या वेळी डबा उघडत, माझ्या डब्यातली भाजी चाखून "साखर टाकली वाटते यात" असं म्हणत. त्या दिवशी त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि डबा मांडीवर तसाच धरून राहिल्या.

"एकोणतीस वर्षं झाले," त्या म्हणाल्या. "मले वाटे, आपण नुस्तं पाहतो. आपल्या पाहण्यानं कोनाचं काही बिघडत नाही."

मी म्हणाले, "बाई, ओरडून तर मीही विचारलं होतं."

"नाही. मी जोरात विचारलं," त्या म्हणाल्या. पुढेही कधी त्या गोष्टीचा विषय निघाला तर त्यांनी "आपण" असा शब्द एकदाही वापरला नाही. "मी जोरात विचारलं." एवढंच.

पुष्पाला शोधायला त्यांना फार दिवस लागले नाहीत, कारण त्यांना तिचा दवाखाना ठाऊक होता. तिची सकाळची पाळी दोनला सुटते, हेही ठाऊक होतं. एका शनिवारी मला म्हणाल्या, "चालतं का माझ्यासंगं? एकटीनं हिंमत होऊन नाही राहिली." बाजारात कुणालाही न घाबरणाऱ्या या बाईच्या तोंडून ते ऐकून मलाच कसंसं झालं.

दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी चहाची टपरी होती. पुष्पा बाहेर आली, बाईंना पाहून आधी दचकली, मग हसली. वाळली होती. आम्ही बाकावर बसलो. रिंग रोडच्याही पलीकडे, नवीन पडलेल्या प्लॉटांत तिने खोली घेतली होती. भाडं अडीच हजार.

"स्वस्त आहे मग," मी म्हणाले.

"भाडंच स्वस्त आहे ताई. दोन ऑटो बदलून याव लागते. महिन्याचे पैसे तिकडेच जातात. अन् प्रांजलीचं कॉलेज इकडं. ते दोन दिवसाआड जाते आता. बारावी आहे, पण रोज दोघींचा ऑटो नाही जमत."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "पुष्पा, ते भाडं माझ्यामुळं वाढलं. तुह्या मालकानं ऐकलं. मी जोरात विचारलं होतं."

पुष्पाला हसू आलं. "तुमच्यामुळं कायले बाई? मंग गॅसही तुम्हीच वाढवला का?" पण ते हसू टिकलं नाही. ती हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळू लागली. "खोटं नाही सांगत. तुम्ही गेल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी आला होता मालक. राग आला होता मले तुमचा. दोन-तीन महिने होता."

"अन् आता?"

"आता ऑटोतच एवढी थकून जातो का, राग कोनावर धराव?"

बाई म्हणाल्या, "माझ्या घरावर एक खोली आहे. पोरगा हैदराबादले गेला तवापासून रिकामीच आहे. नळ आहे, वेगळा जिना आहे. तुम्ही दोघी या तिथं."

पुष्पाने लगेच हो म्हटलं नाही. तिने मान वर केली आणि सरळ विचारलं, "भाडं किती?"

गजभियेबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

मी त्यांच्या शेजारीच बसले होते. नागपुरातल्या कुठल्या मोहल्ल्यात कशा खोलीला किती भाडं पडतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असेल? त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना भाव विचारला होता. भाव सांगायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि त्यांना तो सांगता येईना.

"राहू दे ना वं भाडं," शेवटी पुटपुटल्या.

"फुकट नाही येणार मी," पुष्पा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण पक्का होता. "दया म्हणून नाही राहणार. चालू भाव सांगा."

"मले नाही येत सांगता."

टपरीवाल्याने आमच्याकडे वळून पाहिलं. बाईंचे डोळे भरले होते. पुष्पाने ते पाहिलं, आणि तिचा चेहरा बदलला. तिने बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला, दवाखान्यात घाबरलेल्या पेशंटच्या ठेवत असेल तसा.

"बरं, मीच सांगतो," ती म्हणाली. नागपुरातल्या कितीक बाया बोलतात तशी ती स्वतःला कधी "सांगतो", कधी "सांगते" म्हणायची. "तिथं बत्तीसशे देत होती, तुम्हालेही बत्तीसशे देईन. प्रांजलीची बारावी झाली का पाचशे वाढवीन. मंग दर वर्षी मीच वाढवीन. तुम्ही नका विचारू. चालते का?"

"चालते," बाई म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं.

पुढच्या रविवारी एका छोट्या टेंपोत पुष्पाचं सामान आलं. टेंपोवाल्याशी भाड्याची घासाघीस पुष्पानेच केली. बाई आत जाऊन पोहे करत बसल्या. हैदराबादहून मुलाचा फोन आला. मी तेव्हा तिथेच होते. त्या खोलीला आजच्या दिवसात पाच हजार सहज येतील, तो म्हणत होता, तुला तर सगळे भाव माहीत असतात, आई. बाईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुह्या मायले या एका खोलीचा भाव माहीत नाही, असं समज बेटा." मुलगा चांगला होता. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही, आणि दिवाळीला आला तेव्हा वरच्या खोलीचा पंखा बदलून गेला.

ऑफिसात बाईंनी एवढंच केलं: भाडं विचारायला गेलं की आत जायचं, दार लोटायचं, बसायचं आणि हळू आवाजात विचारायचं. नवीन कुणी कामाला आलं की टॅब कसा वापरायचा हे मी शिकवायची, आणि दार कसं लोटायचं हे बाई. त्यासाठी त्या स्वतः उठून आमच्या ऑफिसचंच दार लोटून दाखवायच्या. लोक हसायचे. बाई हसायच्या नाहीत. "तिच्या घराचं भाडं तिचं गुपित आहे," त्या म्हणायच्या. "ते आपल्याले सांगते, गल्लीले नाही."

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. प्रांजली बारावीत पास झाली, नर्सिंगला लागली. पुष्पाने ठरल्याप्रमाणे पाचशे वाढवले. ते पैसे हातात घेताना बाई दर महिन्याला असा चेहरा करायच्या की, पुष्पा म्हणायची, "बाई, तुम्ही भाडं घेऊन राहिल्या का इंजेक्शन?"

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बाई जरीपटक्यात सेठकडे गेल्या. सेठ सवयीने ओरडले. बाई म्हणाल्या, "आज लिहाले नाही आली, घ्याले आली. दोन किलो तूरडाळ द्या." सेठ पैसेच घेईनात. बाई ऐकेनात. बराच वेळ हुज्जत झाली म्हणे. शेवटी बाईंनी पूर्ण भाव दिला, आणि सेठनी डाळीबरोबर वडीचं एक पाकीट जबरदस्तीने पिशवीत टाकलं. त्या वड्यांची भाजी करून बाईंनी माझ्यासाठी डबा पाठवला होता.

नंतर हृदयाचं दुखणं निघालं. औषधं सुरू झाली. मी दर पंधरवड्याला जायची, मग कामाच्या रेट्यात महिन्याने जाऊ लागले.

शेवटची भेट जानेवारीतली. सुट्टीचा दिवस होता, दुपारचे बारा वाजले असतील. खालच्या घराला बाहेरून कडी होती. मी हाक मारली तर वरून पुष्पाने वाकून पाहिलं. "वर या ताई. बाई इथंच आहे."

वरच्या खोलीसमोर थोडी गच्ची होती. तिथे पट्ट्यांच्या खाटेवर बाई निजल्या होत्या. अंगावर शाल, पायांत लोकरी मोजे. खाटेच्या एका बाजूला पुष्पा मेथी निवडत होती, दुसऱ्या बाजूला प्रांजली जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती आणि मधूनच बाईंच्या मनगटावर दोन बोटं ठेवून घड्याळाकडे बघत होती. परीक्षेची तयारी आणि बाईंची काळजी, दोन्ही एकदमच चाललं होतं.

माझ्या आवाजाने बाईंनी डोळे उघडले. "आली का नाशिकवाली? जेवली का?"

"जेवले. तुम्ही वर कशा? जिना चढलात?"

"या दोघी रोज धरून आणतात. खाली माझ्या घरात ऊनच नाही येत वं." त्या स्वतःशीच नवल केल्यासारख्या हसल्या. "एवढे वर्षं राहिली त्या घरात, मले माहीतच नव्हतं. दिवसा घरी होतीच कुठं मी?"

मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी बाजाराचं काही विचारलं नाही. माझ्या मुलाचा खोकला गेला का, हे विचारलं. पुष्पाच्या मेथीत पिवळी पानं राहिली म्हणून तिला बोलल्या, पुष्पाने "हाव बाई, हाव" म्हणून ती तशीच ठेवली. बोलता बोलता बाईंचे डोळे पुन्हा मिटले.

मी आवाज न करता उठले, जिन्याच्या तोंडाशी आले. चपलेचा बंद लावताना मागे वळून पाहिलं. ऊन सरकलं होतं, खाटेच्या उशाशी सावली आली होती. पुष्पाने मेथीची परात बाजूला ठेवली, प्रांजलीने पुस्तक मिटलं. दोघींनी दोन टोकांना धरून खाट जरा उचलली आणि बाईंची झोप न मोडता हातभर पुढे, उन्हात, नेऊन ठेवली.